ऊ उडत नाही

१

नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात आमची एक खिडकी आहे. घरात अनोळखी किडा सापडला की लोकांनी तो इथे आणायचा, मी भिंगाखाली धरायचा आणि तो कोण, काय खातो, कसा घालवायचा हे सांगायचं. फुकट काम. आणि फुकट म्हटलं की लोक काय वाट्टेल ते आणतात. काडेपेटीत आणतात, औषधाच्या बाटलीत आणतात, एका बाईंनी तर रुमालाच्या गाठीत बांधून चक्क मनुका आणला होता. मी म्हटलं, बाई, हा खाऊन टाका. त्या दिवसापासून मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे. आहेच मी तोंडाळ. दिवसभर झुरळांशी गाठ असलेल्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये.

किडा ओळखायचा म्हणजे त्याचे पाय मोजत बसायचं नसतं. तो कुठे सापडला ते विचारायचं. तांदळात सापडला तर पोरकिडा, पुस्तकात सापडली तर कसर, गादीच्या शिवणीत सापडला तर ढेकूण. किडा आपल्या जेवणाखाण्यापासून फार लांब कधी जात नाही. माझं निम्मं काम एवढ्यावरच भागतं.

आमच्या कचेरीच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. माझा वाचायचा चष्मा तिथलाच. दुकानाचे मालक मला तोंडओळखीचे. डोक्यावर औषधालाही केस नाही, आणि त्यावरून स्वतःची थट्टा करणारा माणूस. दुकानातली सगळ्यात चकचकीत काच हीच, असं टकलावरून हात फिरवत म्हणायचे. त्या दिवशी मात्र काही न बोलता त्यांनी चष्म्याची डबी खिडकीत ठेवली. आत कापूस, कापसावर किडा. मागच्या खोलीतल्या उशीवर सापडला म्हणाले.

मी भिंगाखाली धरला आणि हसायलाच आलं मला. ऊ होती. साधी डोक्यातली ऊ, जिवंत, पोट गच्च भरलेलं. नुकतीच जेवून उठलेली. मी ठरलेला प्रश्न विचारला, शाळेत जाणारं मूल असेल ना घरात?

नाही म्हणाले. आम्ही दोघंच. मग म्हणाले, "दुसरं काही असेल का, बाई? जरा नीट बघा ना."

आता चष्मेवाल्याने मला नीट बघा म्हणावं! मी काहीतरी खोचक बोलले असेन. पण त्यांच्या टेबलावर माझ्याहून चांगलं भिंग आहे हे मला माहीत होतं. ते ऊ ओळखूनच आले होते. मी ती नाही म्हणावं, एवढ्यासाठी आले होते.

२

पुन्हा आले. पुन्हा तीच डबी, तशीच ऊ, तशीच पोट भरलेली.

उवेचं गणित फार सोपं आहे. ती माणसाच्या डोक्यावरच जगते. कुत्रं नको, मांजर नको, उशी तर नकोच नको. डोक्यावरून पडली की एक-दोन दिवसांत तिचा खेळ आटोपतो. तिला पंख नाहीत. तिला उडीही मारता येत नाही. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायचं तर डोक्याला डोकं लागावं लागतं. म्हणून तर उवा पोरांत होतात. पोरंच तेवढी जवळ बसतात. मोठी माणसं काही डोक्याला डोकं लावून बसत नाहीत.

म्हणजे उशीवर ताजी ऊ, तर उशीवर डोकं. मी म्हटलं, तुमचं सोडा, तुमच्या डोक्यावर ऊ चढली तर घसरून पडेल. वहिनींचं काय? तेव्हा त्यांनी सांगितलं की बायकोचे केसही अगदी बारीक कापलेले आहेत, शिपायासारखे. गेली दोन वर्षं ती तसेच ठेवते. मग कामवाली? कामवाली नाही. शेजारचं पोर मागच्या खोलीत येऊन लोळत असेल? खोलीला एकच दार, ते स्वयंपाकघरात उघडतं, आणि स्वयंपाकघरात बायको दिवसभर असते.

"मुलगी होती आमची," ते म्हणाले. "भिंगरी म्हणायचो. पाय म्हणून जमिनीला लागायचा नाही."

ताप आला आणि तो उतरलाच नाही. इस्पितळात तिचे केस कापले, तेव्हा ती फार रडली. तिला वाईट वाटू नये म्हणून आईने त्याच दिवशी स्वतःचेही कापून घेतले. एवढं सांगून ते चष्मा पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी सरकारी बाई. मी म्हटलं, उशीचा अभ्रा गरम पाण्यात धुवा.

३

तिसऱ्या खेपेला डबीत ऊ नव्हती. केस होता. उशीवरचाच.

काळाभोर, मऊ, पोराचा असतो तसा केस. टोकाशी कात्री लागल्यासारखा तुटक, आणि दुसऱ्या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका. मुळापासून बोटाच्या रुंदीवर एक लीख चिकटलेली. मी बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मागे रांगेतल्या बाई डबा वाजवत होत्या, त्यांना थांबा म्हटलं.

लीख म्हणजे उवेचं अंडं. ऊ ते अगदी केसाच्या मुळाशी चिकटवते, डोक्याची ऊब लागावी म्हणून. मग केस वाढतो तशी लीख मुळापासून लांब जाते. लीख बोटभर वर आलेली दिसली, म्हणजे ती घातल्यावर केस बोटभर वाढला. जुन्या उशीत राहिलेला जुना केस असेल, असं मी स्वतःला बजावत होते. पण जुन्या केसाचं मूळ वाळून गेलेलं असतं. हे ओलसर होतं. आणि जिथे कात्री लागली होती तिथपासून मुळापर्यंत केस वीतभर होता. इस्पितळात कापलेला केस मागची दोन वर्षं शांतपणे वाढत असता, तर तो साधारण एवढाच झाला असता.

यातलं काही मी त्यांना बोलले नाही. इतकंच म्हणाले की घर बघायला यावं लागेल. तसं आम्ही जातो. वाळवीला जातो, ढेकणांना जातो. ते म्हणाले, या. आणि मग हळूच, "तिच्यासमोर ऊ म्हणू नका. तिला वाटेल..."

४

दुकानाच्या मागेच घर. मी दुपारी गेले. दारातच वहिनी म्हणाल्या, "या ताई. उवांचं बघायला आलात ना?"

झालं. नवरा बिचारा जे लपवत होता ते ती कधीचीच जाणून होती. घरोघरी हेच असतं.

बाई ठेंगणी, हाताने चपळ, आणि डोकं अगदी ठिकाणावर असलेली. हे मुद्दाम सांगते, कारण मी वेड्या आईला भेटायची तयारी करून गेले होते. घर लख्ख. एका पाटीत चष्म्यांच्या पिशव्या शिवून ठेवलेल्या. नवऱ्याच्या भित्रेपणावर तिने दोन विनोद केले, मी हसले. स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत गेलो. लहान पलंग, एक बुटकं स्टूल, खुंटीला दप्तर, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत. उशीला मधोमध खळगा होता. वास तेलाचा, आणि ऊन लागलेल्या पोराच्या डोक्याला येतो तो. हा वास मला का ओळखू यावा, कोण जाणे. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही, पोराबाळांचा प्रश्नच नव्हता.

मी शिवणी बघितल्या, पलंगाच्या फटी बघितल्या. काही नाही. सापडणारच नव्हतं, ऊ फटीत राहत नाही.

"हे घाबरतात," वहिनी म्हणाल्या. "मी नाही घाबरत. पण खाजवून खाजवून तिच्या मानेवर फोड आलेत. काहीतरी उपाय सांगा."

इथे खरं म्हणजे मी चार समजुतीचे शब्द बोलायला हवे होते. पण तोंडाला सवय. मी खिडकीत सांगते तेच सांगून मोकळी झाले: तेल लावून बारीक दातांच्या फणीने विंचरा, कानामागे आणि मानेवर जास्त बघा, पुसायला पांढरं फडकं घ्या, आणि घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच दिवशी तपासा. ती मन लावून ऐकत होती. सगळ्यांचं म्हटल्यावर तिने मान हलवली.

मग चहा टाकते म्हणाली. जाता जाता दारातून वळून पलंगाकडे बघत, अगदी सहज, कुणाही घरात ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "जरा सरक ग. मावशींना जागा दे."

मी पलंगावर बसले. उजव्या काठाला बसले, डावीकडे जागा सोडून. का सोडली, ते मला अजून सांगता येत नाही.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं, नळ सुटला, बंद झाला. नंतर जवळच एक बारीक आवाज सुरू झाला. खर्र खर्र, मग थांबायचा, मग पुन्हा खर्र. उंदीर, मी म्हटलं, आणि मला बरंच वाटलं. उंदीर आमच्याच खात्यात येतात. पण उंदीर कुरतडायला लागला की कुरतडतच राहतो. हा आवाज मी मान वळवली की थांबत होता. मी समोर बघितलं की परत सुरू. मग तोही मंदावला. माझा डावा खांदा हळूहळू गरम झाला. दुपारची वेळ, जेवण जास्त झालेलं, पेंग आली असेल. एवढं मात्र खरं की मी हलले नाही.

वहिनी कप घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. माझ्या खांद्याकडे बघितलं. मग पाय न वाजवता आत येऊन त्यांनी कप माझ्या उजव्या हातात दिला. आम्ही दोघी बोललो ते कुजबुजत. डाव्या हाताला मुंग्या येऊन तो पार बधिर झाला, तरी चहा संपेपर्यंत मी तो तसाच ठेवला.

५

त्यानंतर चष्मेवाले आले नाहीत. मला वाटलं, सुटले. एके दिवशी रांगेत स्वतः वहिनी उभ्या दिसल्या. हातात तीच डबी. माझ्यापुढे उघडून ठेवली. कापूस होता, त्यावर काही नव्हतं.

मी म्हटलं, छान, गेल्या म्हणायच्या.

ती म्हणाली, गेल्या नाहीत हो, मी काही करायच्या आतच बंद झाल्या. तुम्ही आलात त्याच संध्याकाळी तेल कोमट केलं, फणी घेतली, नेहमीसारखी स्टुलामागे बसले. फणीत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, नंतरही नाही. उशी फुलून वर आली. रोज थोपटून बघते, खळगा पडत नाही.

नवऱ्याने दुसऱ्या गावात जागा बघितली होती. इतके दिवस ती नको म्हणत होती. आता येत्या रविवारी निघायचं ठरलं होतं. ती खिडकीच्या गजांना धरून उभी होती.

"ती असेल तर तिला एकटीला टाकून मी जाणार नाही," ती म्हणाली. "आणि नसेल तर त्या घरात माझं काही नाही. ह्यांचं तोंड बघवत नाही मला. मला एवढंच सांगा, ताई. आहे की गेली?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी तोडून टाकलं असतं. तिला मात्र मी म्हटलं, मी नुसते किडे ओळखते हो. डबी तिला परत दिली. बोलताना मी सारखी डाव्या कानामागे खाजवत होते, पण तेव्हा माझ्या ते ध्यानात आलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ध्यानात आलं. अंघोळीनंतर मी केस सोडून पांढऱ्या कागदावर विंचरले. कोंडा असेल असं म्हणत होते. कागदावर एक ऊ पडली आणि चालायला लागली.

मी खुर्चीत बसले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. या घरात मी एकटी. माझे केस मागे ओढून अंबाड्यात घट्ट बांधलेले असतात. त्या उशीला मी डोकं लावलं नव्हतं. रांगेतल्या लोकांत आणि माझ्यात लोखंडी गज आहेत. आणि ऊ उडत नाही, उडी मारत नाही. हे मी स्वतः हजारदा लोकांना सुनावलं आहे.

मग एकेक आठवायला लागलं. हल्ली मी पलंगाच्या उजव्या काठाला झोपत होते आणि झोप गाढ लागत होती. चहाबरोबर दोन बिस्किटं काढून एकच खात होते. भिंतीतल्या खर्र खर्रला उंदीर समजून पिंजरा आणला होता, पण आमिष लावायचं रोज राहून जात होतं. कचेरीतला शिपाई म्हणाला होता, बाई, हल्ली गुणगुणता. आणि कालच, दूध उतरवताना, रिकाम्या स्वयंपाकघरात मी म्हटलं होतं, थांब, गरम आहे. मला वाटलं होतं मी स्वतःशी बोलते आहे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी ती बिचारी रोज उशी थोपटून बघत होती आणि तिची पोर इथे माझ्याकडे होती.

ऊ दिसली की नखावर नख धरायचं, ही माझी हयातीची सवय. मी ती हलक्या हाताने काचेच्या नळीत घातली. मग लगेच चप्पल घालून निघायला हवं होतं. मी निघाले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आयुष्यभर लोक माझ्याकडे जे आणतात ते घालवून देण्यासाठी आणतात. माझ्या खांद्यावर विश्वासाने कुणी डोकं टेकलं नव्हतं, आणि ते इतकं बरं वाटतं हे या वयात कळायचं काही कारण नव्हतं. सोडवेना मला. शनिवारी मी बिस्किटं काढली, दोन. बशी समोर ठेवून डावीकडे न बघता विचारलं, "आईकडे जायचंय का तुला?"

भिंतीतला आवाज थांबला. मग जे ऐकू आलं ते खाजवणं नव्हतं. नाक ओढण्याचा आवाज होता.

७

रविवारी दुकानासमोर टेम्पो भरून उभा होता. चष्मेवाले दोरी बांधत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, आत बसली आहे, निघतच नाही.

मागची खोली रिकामी होती. पलंग गेला होता, खुंटीवरचं दप्तर गेलं होतं. कपाटाचा सुटा केलेला आरसा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि वहिनी त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या होत्या, हात मांडीवर टाकून. मी त्यांच्यापुढे नळी धरली. माझ्या डोक्यात सापडली म्हटलं.

तिला समजवावं लागलं नाही. तिने नळी उजेडात धरली, मग माझ्या डाव्या खांद्याकडे बघितलं, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "कुणाच्याही खांद्यावर झोपायची ही," ती म्हणाली. "पाहुणे आले की यांना कडेवर उचलून आणावी लागायची. ताई, फार त्रास दिला का हो?"

"नाही," मी म्हटलं. "शहाणी आहे."

मी तिच्यासमोर बसले. काय करायचं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं, कारण दुसरा मार्गच नाही. मी अंबाडा सोडला आणि डोकं पुढे केलं. तिने आपलं डोकं माझ्या डोक्याला लावलं. तिचे बारीक केस माझ्या कपाळाला टोचत होते. घरात काही वाजत नव्हतं. तिचा श्वास ऐकू येत होता, माझा येत होता, आणि आणखी एक भरभर चाललेला.

"सोड आता मावशींना," ती म्हणाली.

मी डोळे मिटून घ्यायला हवे होते. पण बघायची सवय. माझी नजर तिरपी आरशात गेली. आम्ही दोघी दिसलो, तिचं कापलेलं डोकं, माझे मोकळे पांढरट केस. आणि दोन्हींच्या मध्ये, जिथे आमची कपाळं टेकली होती तिथे खाली, तेल लावून पाडलेला एक सरळ, बारीक भांग. तो हलला. वर बघायला लागला. तेव्हा मात्र मी डोळे घट्ट मिटले.

उघडले तेव्हा माझा डावा खांदा गार पडला होता. वहिनी उभ्या होत्या. एक हात जरा खाली, जरा मागे धरलेला. त्या बाहेर निघाल्या ते लहान लहान पावलं टाकत, उंबऱ्याशी क्षणभर थांबून. चष्मेवाल्यांनी बायकोचा चेहरा बघितला, मग तो हात बघितला. टेम्पोचं पुढचं दार त्यांनी उघडलं, ती आत बसली, तरी ते दार धरून उभे राहिले. एक माणूस चढायला लागतो त्याहून जास्त वेळ. मग आत डोकावून, सगळं नीट आत आहे ना बघून, त्यांनी ते हळूच लावलं.

मी घरी आले. बशीत दोन बिस्किटं तशीच होती. टेबलावर पांढरा कागद पसरला आणि केस पुढे घेऊन विंचरले, मानेपासून, कानामागून, लोकांना सांगते अगदी तसे. कागदावर काही पडलं नाही. कागद खिडकीशी नेऊन उजेडात बघितला. मग परत येऊन बसले, पलंगाच्या उजव्या काठाला, आणि पुन्हा एकदा विंचरायला घेतलं.